भर दुपारी सोलर इन्व्हर्टर बंद का पडतो? आणि ग्रिडने एवढ्या उन्हाचं करायचं तरी काय?

माळावरचा | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

बार्शीजवळ घर आहे. मागच्या दिवाळीत पीएम सूर्यघर योजनेतून छतावर ५ किलोवॅटचं सोलर बसवलं. ७८ हजारांची सबसिडी खात्यात आली, त्याबद्दल काही तक्रार नाही. हिवाळाभर छान चाललं. फेब्रुवारी सरता सरता मात्र विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी व्यवस्थित युनिट बनतात, अकरा वाजून गेले की इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो, स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' असं येतं आणि सगळं थांबतं. थोड्या वेळाने आपोआप सुरू, परत बंद. तीन-साडेतीननंतर सुरळीत. म्हणजे ऐन उन्हात बंद आणि ऊन उतरलं की चालू!

सोलरवाला म्हणतो इन्व्हर्टर ठणठणीत आहे, लाइनमध्ये दोष आहे. वीज कार्यालयात गेलो तर ते म्हणतात लाइन ठीक आहे, सोलरवाल्याला विचारा. आमचं घर डीपीपासून लांब, वस्तीच्या पार टोकाला. आजवर कायम व्होल्टेज कमी म्हणून बोंब, संध्याकाळी मिक्सरसुद्धा धड फिरायचा नाही. आता म्हणे व्होल्टेज जास्त. हा काय प्रकार आहे?

आणखी एक. याच लाइनवर गेल्या वर्षभरात अजून चार-पाच घरांवर प्लेटा चढल्यात. त्याचा काही संबंध?


तिरकस | सोमवार, रात्री १०:०५

वीज मोफत म्हणाले होते. किती वाजेपर्यंत मोफत, ते कुठे म्हणाले होते?

(हलके घ्या. मीही वाचतोय, आमच्या सोसायटीत हाच विषय चालू आहे.)


उपकेंद्र | मंगळवार, सकाळी ७:१८

माळावरचा, दोघेही तुम्हाला अर्धं अर्धं खरं सांगताहेत. माझी सगळी नोकरी वितरणात गेली, त्यामुळे जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

तुमचा डीपी म्हणजे ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर. ४३३ हा दोन फेजमधला आकडा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो येतो २५०. घरात २३० हवेत तर डीपीवर २५० कशाला? कारण वाटेत तारेत व्होल्टेज पडणार हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. डीपीला लागून असलेल्या घराला जास्त मिळतं, टोकाच्या घराला कमी. तुमचा मिक्सर रडायचा तो यामुळेच. ही सगळी मांडणी एकाच समजुतीवर उभी आहे: वीज डीपीकडून घराकडे जाते, घराकडून डीपीकडे कधीच येत नाही.

आता दुपारचे बारा घ्या. घरात पंखा आणि फ्रीज सोडून काही चालू नाही. छतावर ५ किलोवॅट तयार होतंय, म्हणजे एका फेजवर साधारण २१ अँपिअर. तो करंट डीपीकडे निघाला, तर तुमच्या टोकाचं व्होल्टेज डीपीपेक्षा वर असावंच लागतं, नाहीतर तो तिकडे जाईल कसा? किती वर ते काढू. घर डीपीपासून ३०० मीटरवर धरा. तार वीझल धरा, तिचा रोध किलोमीटरला एक ओहमच्या आसपास. फेजचे ३०० मीटर आणि न्यूट्रलचे ३०० मीटर मिळून ०.६ ओहम. त्याला २१ ने गुणा, साडेबारा व्होल्ट झाले. दुपारी वस्तीत भार नसतो, त्यामुळे डीपीवरच २४५-२४८ असणार. बेरीज करा, २५८ ते २६०.

आणि इन्व्हर्टरला नियम काय आहे? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २५३ च्या वर गेलं, की दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून सुटायचं. तुमचा इन्व्हर्टर तेवढंच करतोय. तो सुटला की व्होल्टेज खाली येतं, तो थोडा वेळ बघतो, परत जोडला जातो, व्होल्टेज परत चढतं. चक्र चालू.

शेजारच्या प्लेटांचा संबंध आहेच. त्यांचा करंटही त्याच तारेत, त्याच वेळी. सगळी घरं एकाच फेजवर असतील तर विचारायलाच नको.

हिवाळ्यात का नाही झालं? एक तर ऊन तिरकं. शिवाय तेव्हा गहू-हरभऱ्याचं पाणी चालू असतं. गावठाण आणि शेतीचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची लाइन) वेगळा असला तरी वरची ३३ केव्हीची लाइन बहुधा एकच असते, पंपांच्या भाराने तीच दबलेली राहते. फेब्रुवारी-मार्च हा सगळ्यात वाईट काळ: ऊन कडक, पंप कमी झालेले आणि कूलर अजून माळ्यावर. मे महिन्यात कूलर लागले की त्रास आपोआप उतरेल बघा.


गणिती | मंगळवार, सकाळी ९:५०

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

एक शंका. याच इन्व्हर्टरऐवजी तेवढ्याच ताकदीचा थ्री फेज बसवला तर? माझ्या हिशेबाने प्रत्येक फेजवर ७ अँपिअर, तिन्ही समान म्हणून न्यूट्रलमध्ये करंट शून्य. म्हणजे फक्त ३०० मीटरचा रोध, ०.३ गुणिले ७, दोन व्होल्ट आणि थोडं वर. साडेबाराचे दोन! एकषष्ठांश! बरोबर आहे ना?


उपकेंद्र | मंगळवार, सकाळी १०:३१

अगदी बरोबर. तार तीच, डीपी तोच, प्लेटा त्याच, फरक एवढा मोठा. म्हणूनच सोलरवाल्याने जागा बघायला आल्यावर छताबरोबर पोलही बघायला हवा. बहुतेक जण सावली कुठे पडते ते बघतात, दोन सेल्फी काढतात आणि कोटेशन पाठवतात.

दुसरा उपाय तार बदलणं. वीझलच्या जागी रॅबिट टाकली तर रोध निम्म्याजवळ येतो. खर्च मोठा, एका घरासाठी कोणी करणार नाही. तिसरा उपाय डीपीचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची सोय) एक-दोन पायऱ्या उतरवणं. पण १०० केव्हीएपर्यंतच्या डीपींना बहुधा टॅपच नसतो. आणि असला तरी दुपारसाठी उतरवलेला टॅप रात्री आठ वाजता टोकाच्या घराला रडवतो. ते वरखाली करायला रोज माणूस चढणार नाही.

अवांतर: नवख्यांना गंमत वाटते, पण या तारांची नावं खरंच प्राण्यांची आहेत. नेहमीच्या वापरात सगळ्यात बारीक स्क्विरल, मग वीझल, रॅबिट, पुढे डॉग, पँथर, झेब्रा, मूस. स्टोअरला 'दोन किलोमीटर ससा द्या' म्हणणारा एक जुना फोरमन आमच्याकडे होता.


पोलवरचा | मंगळवार, दुपारी २:१५

साहेबांनी गणित बरोबर सांगितलं, पण मी आधी दुसरंच बघेन. न्यूट्रल.

मी वायरमन आहे. अशा दहा तक्रारींतल्या निदान तीन-चार ठिकाणी पोलवरचा न्यूट्रलचा जॉइंट गेलेला असतो. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची सर्व्हिस वायर नुसती पिळून बांधलेली. वर्षा-दोन वर्षांत तिथे पांढरी पूड धरते, तार काळी पडते, कधी चटका बसून निळी झालेली दिसते. तसा जॉइंट असला की रोध वाढतो आणि दुपारी प्लेटा भरात आल्या की व्होल्टेज उडी मारतं. बाकी वस्तीला काही नाही, तुमच्याच घरात. आधी वायरमनला सांगून लाइन बंद करून न्यूट्रलला बायमेटॅलिक लग किंवा कनेक्टर लावून घ्या. स्वतः चढू नका.

ओळखायचं कसं? दुपारी बारा वाजता मीटरपाशी व्होल्टेज बघा आणि त्याच वेळी डीपीजवळच्या घरातही कोणाला बघायला सांगा. फरक दहा-बारा असेल तर साहेबांचं गणित. पंचवीस-तीस असेल तर माझा जॉइंट.

आणि सगळ्यांना हात जोडून एक विनंती. लाइट गेल्यावर सोलर बंद होतं, म्हणून लोक चिडतात. छतावर ऊन असताना घरात अंधार कशाला, म्हणतात. अहो, आम्ही पोलवर असतो. लाइन बंद केलीय असं समजून हात घालतो आणि तुमच्या छतावरून करंट आला तर? म्हणून इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून सुटतो. ती सोय काढून देणारे मेकॅनिक गावोगाव निघालेत. जनरेटर नाहीतर जुना बॅटरी इन्व्हर्टर चालू करून सोलरला 'ग्रिड आहे' असं फसवतात, मधे चेंजओव्हर स्विच नसतो. कृपा करून असलं काही करू नका.


माळावरचा | मंगळवार, रात्री ८:५५

पोलवरचा भाऊ, हे कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच बघतो. उपकेंद्र काका, तुमचंही पाठ झालंय आता!


तिरकस | मंगळवार, रात्री ९:३०

मग मला एक सांगा. नेट मीटरिंग म्हणजे बँक ना? दुपारची वीज ठेवायची, रात्री काढायची, असं सांगूनच विकलं आम्हाला. आता ठेव भरायला गेलो तर काउंटर बंद?


उपकेंद्र | बुधवार, सकाळी ६:५०

बँक कागदावर आहे हो. बिलात युनिटला युनिट वजा होतं, उरलेलं पुढच्या महिन्यात जातं, मार्चअखेर हिशेब मिटतो. पण तारेत शिल्लक राहत नाही. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी तुम्ही दिलेली वीज त्याच क्षणी कोणीतरी वापरलेली असते. रात्री तुम्ही 'काढता' ती चंद्रपूरच्या कोळशाची किंवा कोयनेच्या पाण्याची, पूर्णपणे वेगळी वीज. दोन्हीच्या मधलं अंतर कोणीतरी सांभाळतं आणि त्याचा खर्च तुमच्या बिलात कुठेच दिसत नाही.

छतावरच्या सोलरचं भांडण युनिट किती यावर चालतं. खरा प्रश्न किती वाजता आणि कुठल्या तारेवर, हा आहे. माळावरचांची अडचण वस्तीपुरती. तीच गोष्ट राज्याच्या पातळीवर ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्रात (जिथून राज्याची निर्मिती आणि मागणी जुळवतात) रोज चालते. दुपारी सोलर भरात असतं तेव्हा कोळशाचे संच खाली आणावे लागतात. पण ते पंख्यासारखे बंद-चालू होत नाहीत. बंद केलेला संच परत उभा करायला तास न् तास जातात, म्हणून तो कमीत कमी भारावर तेवता ठेवायचा. प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी ही किमान पातळी ५५ टक्के ठरवली आहे, पुढे टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत न्यायची आहे. जुन्या संचांना ते झेपत नाही. बॉयलरच्या नळ्या गरम-थंड होऊन थकतात, तेल जास्त लागतं.

आणि मग संध्याकाळी पाच ते आठ. सूर्य उतरतो, त्याच वेळी घराघरात दिवे, टीव्ही, गिरण्या, एसी. सोलर शून्याकडे, मागणी वर. ही चढण कोण चढणार? महाराष्ट्रात उत्तर आहे कोयना. १९६० मेगावॅट, काही मिनिटांत पूर्ण भारावर. पण तिचंही पाणी मोजून मिळतं. कृष्णा लवादाप्रमाणे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. संपलं की संपलं. म्हणून ते दिवसभर न उधळता संध्याकाळसाठी राखायचं.

दुसरं उत्तर घाटघर. अकोले तालुक्यातला वरचा तलाव, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याचा तलाव, मधे १२५ मेगावॅटचे दोन संच, तेच पंपही होतात. बांधलं तेव्हा हिशेब होता रात्री स्वस्त वीज असताना पाणी वर चढवायचं. आता पाणी चढवायची खरी वेळ भर दुपारची. असे घाटघर दहा-वीस हवेत, आहेत दोन-तीन.


अॅडलेडकरीण | बुधवार, दुपारी १:२०

वाचून मजा वाटली, कारण इथे दक्षिण ऑस्ट्रेलियात हे सगळं आधी होऊन गेलंय. आमच्याकडे छतावरचं सोलर इतकं आहे की वसंतातल्या छानशा रविवारी दुपारी सगळ्या राज्याची मागणी छपरंच भागवतात, वर उरतं. मग काय केलं?

पहिलं, इन्व्हर्टरचं मानक बदललं. व्होल्टेज चढायला लागलं की थेट सुटायचं नाही. आधी रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करता तारेत नुसती मागे-पुढे फिरणारी वीज) ओढून व्होल्टेज खाली खेचायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर हळूहळू उत्पादन कमी करायचं. माझं सोलर दुपारी बंद पडत नाही, फक्त थोडं दमतं. माळावरचांसारखं शून्य आणि शंभर होत नाही.

दुसरं, सप्टेंबर २०२० पासून नवीन सोलर लावताना ते गरज पडली तर दुरून बंद करता येईल अशी व्यवस्था सक्तीची केली. १४ मार्च २०२१ ला पहिल्यांदा वापरली. लोक भडकले होते. पण पूर्ण राज्य अंधारात जाण्यापेक्षा काही हजार छपरं तासभर बंद, हे हळूहळू पचलं.

तिसरं, आणि घरातल्या माणसाला कळणारं: दुपारी १० ते ३ वीज मुद्दाम स्वस्त. त्याला इथे 'सोलर स्पंज' म्हणतात. आमचा गीझर पूर्वी रात्री चालायचा, आता दुपारी. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना भर दुपारी पाणी तापवणं पटेना. बिल दाखवलं, पटलं.


गणिती | बुधवार, दुपारी ३:४०

ताई, रिॲक्टिव्हचा उपाय आपल्याकडे थोडा कमी चालेल. बारीक एलटी (डीपी ते घर) तारेत रोध जास्त आणि रिॲक्टन्स (तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे करंटला होणारा विरोध) कमी. त्यामुळे रिॲक्टिव्ह ओढून व्होल्टेज फार खाली येत नाही, तार मात्र जास्त तापते. ११ केव्हीवर जास्त उपयोग. पण 'सुटण्याऐवजी कमी कर' हे मात्र शंभर टक्के हवंच. जर्मनीने हा धडा फ्रिक्वेन्सीच्या (ग्रिडची ठरलेली ५० हर्ट्झची लय) बाबतीत घेतला. तिथे जुने इन्व्हर्टर सगळेच्या सगळे ५०.२ हर्ट्झला सुटायला लावलेले होते. सोलर थोडं होतं तोवर कोणाला फिकीर नव्हती. नंतर लक्षात आलं की फ्रिक्वेन्सीने एकदा तो आकडा गाठला तर अर्ध्या देशाची छपरं एका झटक्यात गायब होतील. २०१२ पासून लाखो इन्व्हर्टर उघडून सेटिंग बदलत बसावं लागलं.


निळाई | बुधवार, रात्री १०:१२

सगळे इतकं शांतपणे बोलताय, मग स्पेनचं काय? २८ एप्रिल २०२५ ला पूर्ण स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात. माझा भाऊ माद्रिदला असतो, मेट्रोत अडकला होता, चालत घरी गेला. सोलर जास्त झालं म्हणूनच झालं ना ते? आपल्याकडे तसं होणार नाही कशावरून?


उपकेंद्र | गुरुवार, सकाळी ७:०५

निळाई, त्या दिवशी स्पेनमध्ये निम्म्याहून जास्त वीज सोलरची होती, हे खरं. दुपारी १२:३३ ला पाच सेकंदांत साधारण १५ हजार मेगावॅट निर्मिती गेली, हेही खरं. पण 'सोलर जास्त म्हणून' एवढ्यावर थांबलात तर निदान चुकेल.

तिथे जे चढत गेलं ते व्होल्टेज. हो, माळावरचांच्या घरी चढतं तेच, फक्त ४०० केव्हीवर. व्होल्टेज चढलं, एक प्रकल्प संरक्षणाने सुटला, तो सुटल्यावर आणखी चढलं, दुसरा सुटला, अशी माळ लागली. युरोपात व्होल्टेज वाढून झालेला असा पहिलाच अंधार, असं तिथल्या तज्ज्ञ समितीने म्हटलं. व्होल्टेज खाली ओढायचं काम ज्या मोठ्या पारंपरिक केंद्रांना दिलं होतं आणि त्याचे पैसेही मिळत होते, त्यांनी ते पुरेसं केलं नाही. ग्रिड चालवणाऱ्यांनी त्या दिवसासाठी अशी केंद्रं कमी ठेवली होती. आणि सोलर-पवनवाल्यांना नियमच असा की त्यांनी ठराविक पॉवर फॅक्टरवर (म्हणजे रिॲक्टिव्हचं प्रमाण बांधून) चालायचं, व्होल्टेज सांभाळण्यात भाग घ्यायचा नाही. ते करू शकले असते, यंत्रात ताकद होती. नियमाने हात बांधलेले.

आपल्याकडे होणार नाही, असं मी म्हणणार नाही. जुलै २०१२ मध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तरेची ग्रिड कोसळली, तेव्हा सोलर नावापुरतंच होतं. पण आपली बाजू एका बाबतीत भक्कम आहे. स्पेन-पोर्तुगालचा बाकी युरोपशी दुवा अगदी बारीक. आपला देश एकाच फ्रिक्वेन्सीवर बांधलेला. माळावरचा, तो शेवटचा सांधा तुमच्याच जिल्ह्यात बसला बरं का. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली.

धक्का किती पेलतो याचा नमुना ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता सगळ्यांनी पाहिलाय. लोकांनी एकदम दिवे मालवले, मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि परत चढली. जलविद्युत केंद्रांनी ते झेललं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी घरात फ्रिक्वेन्सी मीटर लावून बसलो होतो. बायकोने दिवा माझ्या हातात दिला नाही.


तिरकस | गुरुवार, सकाळी ८:१४

शेवटच्या वाक्याला +१. काकूंना नमस्कार सांगा.


ऊसवाला | गुरुवार, रात्री ९:२०

शहरातल्या छपरांचं झालं, आता आमचं ऐका. शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात ऊस म्हणजे बिबट्याचं घर. एका आठवड्यात दिवसा आठ तास लाइट, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं म्हणजे जीव मुठीत. आमच्या मळ्यात एकट्याने कोणी जात नाही, दोघं जातात आणि एक जण नुसता मोबाइलवर गाणी लावून उभा राहतो.

त्यामुळे सौर कृषी वाहिनी (शेतीच्या फीडरला सोलरची वीज द्यायची सरकारी योजना) म्हणजे आमच्यासाठी दिवसा लाइट, बाकी काही असो. २०१७ ला सुरू झाली तेव्हा राळेगणसिद्धीला केलं होतं. २०२३ ला २.० आली. तिच्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला, ३ मेगावॅटचा, २०२४ मध्ये चालू झाला. आमच्या उपकेंद्राजवळही आता गायरानावर प्रकल्प येतोय असं म्हणतात.

माझा प्रश्न सरळ आहे. सूर्य दिवसा, पंप दिवसा. यात ग्रिडला त्रास कसला? उलट हे सगळ्यात चांगलं जुळतंय.


उपकेंद्र | शुक्रवार, सकाळी ७:४०

ऊसवाला, जुळतंय हे शंभर टक्के मान्य. माझ्या मते महाराष्ट्रात सौरऊर्जेचा सगळ्यात शहाणा वापर हाच. वीज उपकेंद्राजवळ तयार होते, त्याच उपकेंद्राच्या शेती फीडरवर खपते. लांबच्या लाइनींवर भार नाही, गळती कमी. आणि रात्रीचे पंप दिवसा आले म्हणजे दुपारी गिऱ्हाईक आयतं तयार झालं. कोट्यवधींच्या बॅटऱ्या लावून जे करायचं, ते नुसती पाळी बदलून होतं. राजस्थानात उलट गोष्ट आहे. तिथे वाळवंटात सोलरचे डोंगर उभे राहिले, पण वीज बाहेर नेणाऱ्या लाइनी मागे पडल्या. मग भर दुपारी प्रकल्पांना 'कमी करा' म्हणायची वेळ येते.

पण जुलै-ऑगस्ट धरा. चांगला पाऊस झाला, पंप सगळे बंद. ढग असले तरी उघडीप मिळाली की ३-४ मेगावॅटची प्लेट मात्र वीज देणारच. शेती फीडरवर गिऱ्हाईक नाही, मग ती वीज ११ वरून ३३ केव्हीवर उलटी चढते. शेजारच्या चार उपकेंद्रांवरही तेच चाललेलं. अशा वेळी वरच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि तिथलं संरक्षण उलट्या प्रवाहासाठी लावलेलं आहे का, ते बघावं लागतं.

आणि संध्याकाळच्या चढणीला पंपांचा उपयोग नाही. मे २०२४ मध्ये देशाने अडीचशे गिगावॅटचा उच्चांक दुपारी आरामात पेलला, कारण सोलर होतं. देशात सोलर आता शंभर गिगावॅटच्या वर गेलंय. खरी धाकधूक हल्ली त्याच दिवशी रात्री साडेदहाला असते. लोक एसी लावून झोपायला जातात तेव्हा.


माळावरचा | शनिवार, सकाळी ११:१०

मंडळी, माहिती देतो. वायरमन येऊन गेला. न्यूट्रलचा जॉइंट पोलवरचा भाऊंनी वर्णन केलं होतं तसाच होता, पांढरी पूड आणि तार काळी. कनेक्टर लावला. त्यानंतर दुपारी घरी २५६ येत होते, डीपीजवळच्या किराणा दुकानात २४६. म्हणजे आता उरलं ते काकांचं गणित.

बोअरची मोटर सकाळी सहाऐवजी साडेअकराला लावायला सुरुवात केली. मोटर चालू असेपर्यंत इन्व्हर्टर सुटत नाही, व्होल्टेज २५० च्या खाली राहतं. वॉशिंग मशीनही त्याच वेळी. घरच्यांची कुरकुर आहे, पण सवय होईल. थ्री फेजसाठी अर्ज टाकलाय.

शेजाऱ्यांशीही बोललो. चार घरांपैकी तीन एकाच फेजवर निघाली! वायरमन म्हणाला लेखी द्या, फेज वाटून देतो.


पोलवरचा | शनिवार, दुपारी १२:०२

छान झालं. फेज बदलताना घरात थ्री फेज मोटर कोणाची असेल तर उलटी फिरू शकते, आधी बघा. आणि लेखी दिल्याची पोच घ्या.


तिरकस | शनिवार, दुपारी १२:४५

गंभीर प्रश्न विचारतो, पहिल्यांदाच. आता घरगुती टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर सकाळी ९ ते ५ वापरलेल्या विजेला सवलत आहे, जुलै २०२५ पासून, ८० पैशांपासून सुरू. सोसायटीत टेरेसवर सोलर घालायचं, की नुसत्या पाण्याच्या मोटरी आणि ईव्ही चार्जिंग दुपारी हलवायचं?


उपकेंद्र | शनिवार, दुपारी ४:३०

दुसरं आधी करा, त्याला छदाम लागत नाही. टाकीच्या मोटरीला टायमर लावा, चार्जिंगचा नियम करा. तीन महिने दुपारचा भार किती राहतो ते मोजा आणि मग तेवढ्याच आकाराचं सोलर घाला. बहुतेक सोसायट्या वार्षिक युनिटवरून आकार ठरवतात, मग दुपारी निम्मी वीज बाहेर जाते. उद्या नेट मीटरिंगचे नियम बदलले तर फटका त्या निम्म्यालाच बसणार. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये नवीन ग्राहकांच्या बाहेर जाणाऱ्या युनिटचा भाव एकदम कोसळला. ज्यांची वीज घरातच खपत होती, त्यांना फार झळ बसली नाही.

माझं मत एवढंच की बॅटरी आत्ता घाईने घेऊ नका. लिफ्टसाठी डिझेल जनरेटर वारंवार लागत असेल तर गोष्ट वेगळी.


अॅडलेडकरीण | शनिवार, रात्री ८:००

काका, बॅटरीबद्दल असहमत. इथे लोकांनी उशीर केला आणि मग सगळे एकदम धावले, बसवणारा माणूस मिळेना. पण तुमच्याकडचे दर आणि अडचणी वेगळ्या, म्हणून वाद घालत नाही.


ऊसवाला | रविवार, सकाळी ६:३०

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. गायरानावर ४ मेगावॅटचा विषय आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, असं सांगताहेत. काय काय विचारावं?


उपकेंद्र | रविवार, सकाळी ९:१५

हे विचारा: वीज कुठल्या उपकेंद्राला जोडणार आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता किती. आपल्याच गावाचे शेती फीडर त्यावर आहेत का, की दिवसाची लाइट दुसऱ्याच गावाला मिळणार. त्याच उपकेंद्रावर आणखी किती मेगावॅट मंजूर आहेत. प्रकल्प चालू झाल्यावर दिवसाची पाळी कुठल्या महिन्यापासून, हे लेखी. ढगाळ दिवशी पंपांना ग्रिडमधून वीज मिळणार की नाही. आणि प्लेटा धुवायला पाणी कुठून घेणार, हे तर नक्कीच विचारा.


ऊसवाला | रविवार, सकाळी ९:४०

लिहून घेतलं. पाण्याचं आमच्या डोक्यातच नव्हतं. गुरं चारणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे, त्यांना दुसरी जागा कुठली ते अजून कोणीच सांगितलेलं नाही. सभेत काय होतं ते इथेच टाकतो.